दिल्लीची स्वस्त गाडी लातूरच्या दारात किती रुपयांना पडते?

वाचकाचं पत्र: मी लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. घरात सहा माणसं, शेतीच्या कामालाही गाडी लागते, म्हणून जुनी डिझेल एसयूव्ही घ्यायची आहे. हाताशी साडेपाच लाख आहेत. आठ वर्षांची जी गाडी आमच्याकडे साडेपाच लाखांना सांगतात, तीच दिल्ली पासिंगची ऑनलाइन ४ लाख १० हजारांना दिसते. रनिंगही कमी आहे. आमच्या गावात जुन्या गाड्यांचे दोन-तीनच दुकानदार आहेत, त्यांच्याकडे निवडीला वाव नाही. भाव ठिकाणाप्रमाणे एवढे का बदलतात? दिल्लीहून गाडी आणणं फायद्याचं होईल का?

उत्तर:

तुम्ही दोन भाव शेजारी ठेवलेत, पण ते एकाच वस्तूचे भाव नाहीत. लातूरच्या साडेपाच लाखांत महाराष्ट्राचा कर भरलेली गाडी आहे आणि ती आठवड्याभरात तुमच्या नावावर होऊ शकते. दिल्लीच्या ४ लाख १० हजारांत फक्त दिल्लीत उभी असलेली गाडी आहे. तुलना करायची तर दोन्ही गाड्या तुमच्या दारात, तुमच्या नावावर आणि लातूरच्या (एमएच-२४) रस्त्यावर कायदेशीर चालतील अशा स्थितीत आणून करावी लागेल. मधल्या १ लाख ४० हजारांपैकी बहुतेक रक्कम तिथेच खर्च होते.

आधी दिल्लीत गाडी स्वस्त का, ते पाहू. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशांनंतर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी कायम केली. २०२५ मधल्या न्यायालयीन आदेशांनी या नियमाची धार काहीशी कमी झाली आहे, पण बाजाराची भीती एवढ्यात जात नाही. महाराष्ट्रात आठ वर्षांच्या डिझेल गाडीची नोंदणी अजून सात वर्षं चालणार असते. दिल्लीतला खरेदीदार तिच्याकडे दोन वर्षं उरलेली गाडी म्हणून बघतो. मालकालाही ती वेळेत बाहेर काढायची घाई असते. तुम्हाला दिसणारा फरक मुख्यतः इथून येतो, आणि म्हणूनच तो डिझेलमध्ये जास्त आणि पेट्रोलमध्ये बराच कमी असतो. तुमच्या पसंतीच्या मॉडेलच्या पेट्रोल गाडीचे दोन्हीकडचे भाव काढून पाहा, म्हणजे लगेच लक्षात येईल.

दुसरं कारण म्हणजे कर. नवी गाडी नोंदवताना प्रत्येक राज्य आपापल्या दराने कर घेतं आणि तो पुढे जुन्या गाडीच्या भावात मुरतो. ८ लाख एक्स-शोरूम किमतीची पेट्रोल गाडी खासगी माणसाच्या नावावर नोंदवायची झाली तर दिल्लीत ७ टक्क्यांनी ५६ हजार, गुजरातेत ६ टक्क्यांनी ४८ हजार, महाराष्ट्रात ११ टक्क्यांनी ८८ हजार आणि कर्नाटकात १४ टक्क्यांनी १ लाख १२ हजार लागतात. कर्नाटकात वर उपकरही आहे. म्हणून बंगळुरूची जुनी गाडी महाग आणि अहमदाबादची स्वस्त वाटते. तुमचा जिल्हा कर्नाटकाच्या सीमेला लागून असल्याने हे मुद्दाम सांगतो. बिदरकडची गाडी जवळ म्हणून मोहात पाडेल, पण तिच्या भावात कर्नाटकाचा जड कर आधीच बसलेला असतो आणि इथे आणल्यावर महाराष्ट्राचा कर तुम्हाला पुन्हा भरावा लागतो. केए पासिंगची गाडी महाराष्ट्रातल्या माणसाने घेण्यात पैशाचा फायदा सहसा निघत नाही.

आता मुख्य मुद्दा. परराज्यातली जुनी गाडी महाराष्ट्रात आणली की वन टाइम टॅक्स भरावा लागतो. तो तुम्ही मोजलेल्या ४ लाख १० हजारांवर लागत नाही, गाडीच्या मूळ किमतीवर लागतो. नवी असताना जो कर बसला असता तो धरतात आणि गाडीच्या वयाप्रमाणे त्याचा ठरलेला हिस्सा घेतात. महाराष्ट्रात खासगी डिझेल गाडीचे दर १० लाखांपर्यंत १३ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १४ टक्के आणि त्यावर १५ टक्के आहेत. पेट्रोलला याच टप्प्यांत ११, १२ आणि १३ टक्के. म्हणजे स्वस्तात मिळाली म्हणून कर कमी होत नाही. उलट, गाडी मूळची जितकी महाग आणि आज जितकी स्वस्त, तितका कराचा बोजा सौद्याच्या मानाने जड होतो. आलिशान परदेशी ब्रँडच्या जुन्या गाड्या दिल्लीहून आणणारे इथेच फसतात.

तुमच्या गाडीचा हिशोब मांडू. मूळ एक्स-शोरूम किंमत ११ लाख होती असं समजा. १४ टक्क्यांनी नव्या गाडीचा कर १ लाख ५४ हजार. आठ वर्षांच्या वयामुळे तो निम्मा झाला असं हिशोबापुरतं धरू, म्हणजे ७७ हजार. नेमका हिस्सा लातूरच्या आरटीओ कार्यालयात मूळ बिलाची प्रत आणि नोंदणीची तारीख दाखवून आधीच काढून घ्या. या आकड्यावरच सगळं ठरतं, त्यामुळे इथे अंदाजावर राहू नका. पुढचे खर्चही अंदाजाचे आहेत, तुमचे आकडे घालून बदला. गाडी ट्रकवर चढवून आणायला २० हजार. दिल्लीला जाणं-येणं, राहणं आणि तिथल्या स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी मिळून १२ हजार. आरटीओची फी, नवी नंबर प्लेट आणि एजंट लावलात तर त्याचे मिळून ८ हजार. विमा नावावर करणं आणि नो क्लेम बोनसचा (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सुटीचा) फरक यासाठी ८ हजार. एकूण १ लाख २५ हजार होतात. ४ लाख १० हजारांची गाडी दारात ५ लाख ३५ हजारांना पडली. लातूरचा दुकानदार सांगतो साडेपाच, आणि घासाघीस केली तर १५-२० हजार तोही सोडतो.

ट्रकऐवजी स्वतः चालवत आणावी, असं मनात येईल. अंतर साधारण दीड हजार किलोमीटरचं आहे. लिटरला १५ चा अॅव्हरेज धरला तरी १०० लिटर डिझेल लागतं, त्यावर टोल आणि वाटेतला मुक्काम. बचत थोडी होते, पण अनोळखी जुन्या गाडीवर पहिल्याच दिवशी एवढा पल्ला टाकणं आम्हाला पटत नाही. कूलंटचा पाइप किंवा क्लच वाटेत गेला तर वाचलेले पैसे तिथेच संपतात. आणायचीच असेल तर निघण्यापूर्वी इंजिन ऑइल, कूलंट, फॅन बेल्ट, ब्रेक पॅड आणि टायरच्या तारखा तपासा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरच्या टायरवर, नक्षी शाबूत असली तरी, उन्हाळ्यात एक्स्प्रेसवेला जाऊ नका.

दिल्लीला भरलेल्या कराचा परतावा मिळतो, असं विकणारा सांगेल. ते खरं आहे. गाडी दुसऱ्या राज्यात नोंदली गेली की उरलेल्या काळाच्या हिशोबाने पहिल्या राज्याकडे परतावा मागता येतो. पण अर्ज इथली नवी आरसी आणि कर भरल्याची पावती हातात आल्यावर करायचा असतो, कागद तिकडच्या कार्यालयात जायला हवेत आणि पैसे यायला किती महिने लागतील ते कुणी लिहून देत नाही. परतावा कोणी घ्यायचा हे विक्रीच्या करारात लिहून घ्या, मूळ मालकाची सही असलेले कागद सौद्याच्या वेळीच मागून ठेवा आणि ही रक्कम नफ्याच्या हिशोबात धरू नका.

मग निवड कुठे करायची? तुमच्या पत्रातली खरी अडचण भावापेक्षा दुकानदारांच्या तुटवड्याची आहे, आणि तिचं उत्तर दिल्लीपेक्षा जवळ आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी घेतली तर वन टाइम टॅक्स पुन्हा लागत नाही आणि नंबरही तोच राहतो. तेव्हा शोध तालुक्याबाहेर न्या, पण राज्याबाहेर नेऊ नका. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि सर्वांत आधी पुणे.

पुण्याचं नाव आधी घेण्याला कारण आहे. तिथे नोकरीनिमित्त येणारी-जाणारी माणसं खूप, त्यामुळे गाड्या विकायला सतत येत असतात. कार कंपन्यांची स्वतःची जुन्या गाड्यांची दालनं, ऑनलाइन कंपन्या आणि छोटे दुकानदार तिन्ही एकाच शहरात आहेत. एकाच मॉडेलच्या दहा गाड्या समोर असल्या की विकणाऱ्याला भाव ताणता येत नाही. तुमच्या गावात तीन दुकानदार असतील तर एखाद्याकडेच ते मॉडेल असतं, आणि ते त्यालाही माहीत असतं. शिवाय तालुक्याच्या दुकानात उभी असलेली गाडी कित्येकदा पुण्यातूनच आलेली असते. नंबर प्लेटवर एमएच-१२ किंवा एमएच-१४ दिसलं तर ती पुणे-पिंपरीची. तिच्यावर आणणावळ आणि दुकानदाराचा नफा चढलेला असतो. तीच फेरी तुम्ही स्वतः मारलीत तर तो नफा तुमच्याकडे राहतो.

दुकानदार आणि थेट मालक यांच्या भावातला फरकही समजून घ्या. नोंदणीकृत दुकानदाराला खरेदी-विक्रीतल्या फरकावर १८ टक्के जीएसटी भरावा लागतो. जानेवारी २०२५ पासून सगळ्या प्रकारच्या जुन्या गाड्यांना हाच दर आहे. त्याने साडेतीन लाखांना घेतलेली गाडी चार लाखांना विकली तर ५० हजारांवर ९ हजार. खासगी मालक तुम्हाला विकतो तेव्हा हा कर नसतो. म्हणून थेट मालकाची गाडी स्वस्त पडायला हवी, पण कागद आणि दोष दोन्हींची जबाबदारी तिथे तुमच्यावर येते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या दुकानदारांना आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मालकाने गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची सूचना नमुना २९सी मध्ये पोर्टलवर जाते आणि तेव्हापासून गाडीची जबाबदारी दुकानदाराकडे राहते. दुकानात गेल्यावर हे प्रमाणपत्र बघायला मागा. ते नसेल तर तो दुकानदार नाही, दलाल आहे, आणि उद्या चलन किंवा जुनं कर्ज निघालं तर तो हात वर करेल.

राज्याच्या आतही भाव सारखे नसतात, आणि इथे तुमच्या गरजेचा नीट विचार करा. मराठवाड्यात डिझेल एसयूव्हीला आणि मालवाहतुकीला चालणाऱ्या दणकट गाड्यांना मागणी कायम असते, म्हणून त्या उतरत नाहीत. पुण्या-मुंबईत शहरी गिऱ्हाईक पेट्रोल, सीएनजी आणि ऑटोमॅटिककडे वळलं आहे, त्यामुळे तिथे जुनी मॅन्युअल डिझेल तुलनेने सैल भावात सुटते. तुम्हाला हवी असलेली गाडी नेमकी याच वर्गात बसते. याचा आणखी एक फायदा आहे. चार वर्षांनी तुम्ही ती लातूरला विकाल तेव्हा मागणी तुमच्या बाजूने असेल. शहरातून स्वस्त ऑटोमॅटिक आणून गावात वापरणाऱ्याला उलट अनुभव येतो. घेताना भाव बरा मिळतो, विकताना गिऱ्हाईक सापडत नाही आणि गिअरबॉक्सचं काम करणारा मेकॅनिकही जवळ नसतो.

भाव ठरवायला एकाच जाहिरातीवर जाऊ नका. तेच मॉडेल, तोच व्हेरिअंट, नोंदणीचं तेच वर्ष, तेवढेच मालक आणि एमएच पासिंग, अशा निदान दहा जाहिराती पुणे, सोलापूर आणि संभाजीनगर मिळून जमवा. सर्वांत महागड्या दोन आणि सर्वांत स्वस्त दोन काढून टाका. उरलेल्या सहांचा मधला आकडा हा मागण्याचा भाव. सौदा त्याच्या खाली होतो. नवरात्र-दिवाळीत लोक नव्या गाड्या घेतात आणि जुन्या एक्स्चेंजमध्ये देतात, म्हणून दिवाळीनंतर दुकानांत माल वाढतो. डिसेंबर अखेरीला गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होणार असते, तेव्हा दुकानदार ती घालवायला बघतो. सोयाबीनचे पैसे हातात आल्यावर मराठवाड्यात मागणी वाढते. त्या आठवड्यांत गावात खरेदी टाळा, पुण्याला जा.

आता एक इशारा, कारण स्वस्त गाडीत हाच धोका सगळ्यात जास्त असतो. प्रदेश भाव बदलतो तसा गाडीचा आजारही बदलतो. मुंबई, ठाणे आणि कोकणातली गाडी खाऱ्या हवेत वाढलेली असते. वरून चकचकीत, खाली पत्रा खाल्लेला. ती लिफ्टवर चढवल्याशिवाय घेऊ नका. जॅक लावायच्या जागा, पुढच्या सस्पेन्शनचा सबफ्रेम, ब्रेकचे लोखंडी पाइप, सायलेन्सरचे जोड, दारांच्या खालच्या कडा आणि डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बघा. वरवरचा तांबूस गंज घासून निघतो. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा दबला किंवा खपली निघाली तर ती गाडी सोडा. खाली सगळीकडे नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर त्याच्याखाली काय झाकलंय ते विचारा. राजस्थान आणि विदर्भाकडच्या गाड्यांत गंज कमी सापडतो. त्यांच्यात बाधा उन्हाची आणि धुळीची. दारांची रबरं तडकतात, डॅशबोर्ड फुगतो, एसीचा कंडेन्सर धुळीने भरतो. हे दोष दिसतात आणि त्यांचा खर्चही मोजता येतो, म्हणून त्यांना घाबरायचं कारण नाही.

पुरातली गाडी मात्र कुठल्याच भावात नको. कोल्हापूर आणि सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये पूर आला, चिपळूण जुलै २०२१ मध्ये पाण्याखाली गेलं, चेन्नईत डिसेंबर २०१५ आणि डिसेंबर २०२३ मध्ये शहर बुडालं. अशा गाड्या धुऊन, सुकवून, जिथे त्या पुराची आठवण नाही अशा गावी विकायला जातात. दुकानदार कमी असलेला भाग त्यांना सोयीचा, कारण तिथे तपासणारे कमी. म्हणून एमएच-०८, एमएच-०९ किंवा एमएच-१० ची गाडी त्या तारखांच्या आधी नोंदलेली असेल तर जास्त बारकाईने पाहा. या जिल्ह्यांतल्या बहुतेक गाड्या चांगल्याच असतात, फक्त तपासणी सोडू नका. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मळकट रेघ किंवा खरखरीत गाळ दिसतो, कारण तेवढा भाग कुणी धुवत नाही. पुढची सीट मागे सरकवून रुळाच्या टोकाशी बॅटरीचा प्रकाश टाका. सीटच्या बोल्टवर गंज असेल तर पाणी तिथवर आलं होतं. कार्पेटचा कोपरा उचलून वास घ्या. हेडलाइटच्या आत वाफ किंवा पाण्याची रेघ शोधा. डॅशबोर्डखालचा एखादा वायरिंगचा कनेक्टर सोडवा, पिना हिरवट झाल्या असतील तर पुढची दोन वर्षं इलेक्ट्रिकल दुरुस्तीत जातील. एअरबॅगचं नियंत्रण करणारा भाग बऱ्याच गाड्यांत दोन सीटांच्या मधे, अगदी खाली असतो. तो भिजलेला असेल तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग उघडेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. घरातली सहा माणसं तिच्यात बसणार आहेत.

दिल्लीची, किंवा कुठलीही, कमी रनिंगची गाडी असेल तर मीटरवर विसंबू नका. मालकाला घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि चासी नंबरवरून सर्व्हिसचा इतिहास काढा. तिसऱ्या वर्षी ७० हजारांवर सर्व्हिस झालेली गाडी आज ५५ हजार दाखवत असेल तर बोलणं तिथेच थांबवा. बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची डिझेल असेल तर कमी रनिंगच उलट संशयाचं कारण असतं. शहरात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) पुरेसा तापत नाही, काजळी साचते आणि तो बदलायचा खर्च मोठा येतो. स्कॅनर लावून काजळीचं प्रमाण बघायला सांगा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर प्रत्येक पत्र्यावर लावा. कंपनीचा रंग सहसा ८० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. २०० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलेलं, ५०० च्या पुढे गेला तर खाली पुट्टी. एक दार रंगवलेलं असणं गुन्हा नाही. पुढचा चासीचा भाग किंवा छताचे खांब ठोकून सरळ केलेले असतील तर ती नको.

एवढं सगळं वाचूनही दिल्लीचीच गाडी घ्यावीशी वाटली, समजा इथे न मिळणारा व्हेरिअंट तिथे मिळाला, तर कागदांचा क्रम चुकवू नका. बहुतेक लोकांचे पैसे याच क्रमात अडकतात. आधी गाडीवरचं कर्ज. बँकेचं पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचं हायपोथिकेशन, म्हणजे कर्जाची नोंद, उतरलेलं हवं. मग परिवहन पोर्टलवर थकलेली चलनं शून्य, पीयूसी आणि विमा चालू. त्यानंतर मालकाने नमुना २८ मध्ये एनओसीचा (ना हरकत प्रमाणपत्राचा) अर्ज करायचा. त्यावर लातूर आरटीओचं नाव असायला हवं, नुसतं महाराष्ट्र चालत नाही. पुण्याच्या नावाने काढलेली एनओसी घेऊन लातूरला आलात तर कागद पुन्हा दिल्लीला जातात. चासी नंबरचा पेन्सिल छाप अर्जावर घेतात, तो स्पष्ट आला आहे का ते पाहा आणि जादा दोन छाप स्वतःजवळ ठेवा. गाडी चोरीची नाही ना, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ऑनलाइन सेवेतून तपासून त्याची प्रत काढा. मालकी बदलाच्या नमुना २९ आणि ३० वर मालकाची सही आरसीवरच्या सहीशी जुळायला हवी.

पूर्ण पैसे एनओसी हातात आल्यावर आणि ती पोर्टलवर दिसल्यावरच द्या. तोवर फक्त इसार, तोही आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात. दलालाच्या खात्यात एक रुपयाही नाही. ताबा घेताना तारीख आणि वेळ घालून ताबा पावती करा, म्हणजे आधीची चलनं कोणाची हा वाद उरत नाही. आणि लष्करातली बदली झाली म्हणून अर्ध्या किमतीत गाडी, फक्त वाहतुकीचे पैसे आधी पाठवा, असा फोन आला तर तो फसवणुकीचा जुना प्रकार आहे, तिथे वेळ घालवू नका.

गाडी आल्यावर थांबू नका. मोटार वाहन कायद्यानुसार नाव बदलाची सूचना घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घेणं बंधनकारक आहे. पण बारा महिन्यांची मुदत आहे म्हणून तोवर दिल्लीच्या नंबरवर चालवू, हा विचार करू नका. वर्षभरात मालक पत्ता बदलतो, फोन उचलत नाही आणि एखाद्या सहीसाठी तुम्ही अडकता. नमुना २७, एनओसी, मूळ बिल, कराचा भरणा, मग आरटीओत गाडीची प्रत्यक्ष तपासणी, नवा नंबर, हाय सिक्युरिटी प्लेट, असा क्रम असतो. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करायचा. गाडी तुमच्या नावावर आणि विमा जुन्या मालकाच्या, अशा अवस्थेत अपघात झाला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. जुन्या मालकाची ५० टक्के सूट तुम्हाला मिळणार नाही, तेव्हा विम्याचा खर्च त्या हिशोबाने धरा. जुना फास्टॅग बंद करून नवा घ्या.

तुमच्या जागी आम्ही असतो तर पुण्याला दोन दिवस काढले असते. जाण्यापूर्वी फोनवर आठ-दहा गाड्या निवडायच्या, प्रत्येकाकडून आरसी, विमा आणि सर्व्हिस नोंदींचे फोटो आधी मागवायचे, जे देत नाहीत ते यादीतून काढायचे. तिथे डिझेलचं काम करणारा, विकणाऱ्याशी संबंध नसलेला मेकॅनिक ठरवून त्याला सोबत घ्यायचं. इंजिन थंड असतानाच पहिला स्टार्टर मारायचा, त्यासाठी सकाळी लवकर पोहोचायचं आणि बॉनेटवर हात ठेवून ते गरम नाही ना हे बघायचं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. साडेपाच लाखांपैकी ५० हजार बाजूला ठेवून पाच लाखांतच सौदा करा. आठ वर्षांच्या डिझेल गाडीला टायर, बॅटरी, क्लच किंवा सस्पेन्शनचं काम पहिल्या सहा महिन्यांत निघतंच, आणि ते पैसे हाताशी असले तर गाडी दारात उभी राहत नाही.